उत्तर नेमकं कोणी दिलं?

शनिवारी रात्री एका महाविद्यालयाच्या संगणक केंद्रातला मुख्य सर्व्हर उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर नेण्यात आला. रविवारी सकाळी सगळं चालू होतं. सोमवारी होतं. पुढचे तीन आठवडे कुणाची तक्रार आली नाही. चौथ्या आठवड्यातल्या गुरुवारी, परीक्षेचे अर्ज भरायची झुंबड उडालेली असताना, केंद्रातल्या तरुण प्रशासकानं आपल्या निवृत्त सरांना फोन लावला.

"सर, नेट चालू आहे, पण आपलं काहीच उघडत नाही."

"आपलं म्हणजे?"

"लायब्ररी, निकालाचा सर्व्हर, मेल. गूगल उघडतंय."

"आयपीनं पिंग जातोय?"

"जातोय."

"मग नावाचं दुखणं आहे. आज काय बदललंस?"

"काहीच नाही, सर. आज कुणी हातसुद्धा लावलेला नाही."

आजचं व्याख्यान ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आहे, ते हेच सर. नावांच्या व्यवस्थेवर तासभर बोलायचं आणि त्यांचंच नाव घ्यायचं नाही, असा हा प्रसंग आहे; पण घरच्यांची तशी इच्छा आहे आणि ती मोडण्याचं कारण नाही. त्या दुपारी सरांनी फोनवरून एकच प्रश्न चार-पाच वेळा विचारला: उत्तर कोणी दिलं? अपडेटनंतर डीएनएस बिघडला की उत्तर काय आलं हे सगळेच बघतात. ते कोणाकडून आलं हे बघायचं राहून जातं, आणि बहुतेक वेळा बिघाड तिथेच लपलेला असतो.

डीएनएसच्या आधी हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. अर्पानेटवरच्या सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच फाइलीत असत. ती कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संस्थेत, एलिझाबेथ फाइनलर यांच्या विभागात सांभाळली जाई आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. यंत्रं वाढली तशी ती फाइल आवरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला. १९८७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली आणि आजचं इंटरनेट अजून तिच्यावर उभं आहे. बर्कलीच्या विद्यापीठात चार विद्यार्थ्यांनी त्यासाठी बाइंड हे सॉफ्टवेअर लिहिलं. महाविद्यालयाच्या सर्व्हरवर तेच चालत होतं.

मोकापेट्रिस यांच्या रचनेत सगळं ठाऊक असलेला कुणीच नसतो. ज्याला विचारावं तो एक तर उत्तर देतो, नाही तर पुढे कोणाला विचारायचं ते सांगतो. सदाशिव पेठेत घर शोधणाऱ्याला ही पद्धत वेगळी समजवायला नको. पानवाला म्हणतो पुढच्या चौकात विचारा, चौकातला म्हणतो वाड्याच्या मालकांना विचारा. फरक एवढाच की इथला पानवाला ऐकलेलं उत्तर ठराविक वेळ लक्षात ठेवतो आणि तेवढ्या वेळात आलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला मालकांकडे न पाठवता स्वतःच सांगून टाकतो. भाडेकरू सकाळीच जागा सोडून गेला असेल, तर पानवाला खोटं बोलत नसतो. तो जुनं बोलत असतो.

विचारणारा आणि खरं उत्तर ज्याच्याकडे आहे तो, या दोघांच्या मध्ये आज किती जण बसलेत ते मोजलं तर दमछाक होते. ब्राउझरची स्वतःची आठवण असते. मग लिनक्समधली एनएसस्विच नावाची फाइल: आधी होस्ट्स फाइल बघायची की डीएनएसला विचारायचं, हा क्रम तिथे लिहिलेला असतो. डिग ही तपासणीची आज्ञा त्या फाइलीकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून ‘डिग चालतंय पण ॲप चालत नाही’ ही तक्रार ऐकली की अनुभवी माणूस आधी तीच फाइल उघडतो. तिच्या खाली रिझॉल्व्ह-कॉन्फ: कोणत्या सर्व्हरला विचारायचं, ते तिथे लिहिलेलं असतं. आणि २०१८ पासूनच्या उबुंटूत ही रिझॉल्व्ह-कॉन्फ म्हणजे खरी फाइलच नव्हे. ती दुसऱ्याच जागेकडे बोट दाखवणारी पाटी आहे. आत एकच पत्ता सापडतो, १२७.०.०.५३. हा सिस्टमडी-रिझॉल्व्हड नावाचा, यंत्राच्या आतच बसलेला निरोप्या.

तरुण प्रशासकानं फोन करण्याआधी काय केलं होतं? सगळे करतात तेच. रिझॉल्व्ह-कॉन्फमध्ये हातानं गूगलचं ८.८.८.८ लिहिलं. फायदा झाला नाही, कारण लायब्ररीचा आतला सर्व्हर गूगलला कुठून ठाऊक असणार! मग त्यानं स्वतःचं मशीन रिस्टार्ट मारलं, आणि हातानं लिहिलेली ओळ पुसली गेली. फाइलीच्या डोक्यावर ‘यात बदल करू नका’ अशी सूचना असते. ती वाचणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

"आता डिग मार," सर म्हणाले. "काय आलं?"

"सर्व्हफेल."

डिगची उत्तरं ओळखता येणं हे अर्धं निदान आहे. ‘एनएक्सडोमेन’ म्हणजे असं नावच अस्तित्वात नाही. हे सांगणारा खात्रीनं सांगतोय, तेव्हा नोंद गळाली आहे किंवा आपण भलत्यालाच विचारतोय. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे मला ठाऊक असेलही, पण तुला सांगणार नाही. इथे परवानग्यांच्या ओळी बघायच्या. ‘सर्व्हफेल’ म्हणजे मी प्रयत्न केला, जमलं नाही. आणि चौथी शांतता: कुणी बोलतच नाही, वाट बघून वेळ संपते. लिनक्समधला नेहमीचा रिझॉल्व्हर गप्प बसलेल्या सर्व्हरसाठी पाच सेकंद थांबतो आणि मग पुढच्याकडे जातो. म्हणून ‘चालतंय, पण हळू’ अशी तक्रार आली की सर म्हणत, घड्याळ लावून मोज. बरोबर पाच सेकंद भरले तर यादीतला पहिला सर्व्हर मुका झालाय, आणि बहुधा मध्ये फायरवॉल आहे.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ ही आणखी वेगळी चीज. ‘रिफ्यूज्ड’ हे डीएनएस सर्व्हरनं जिवंतपणी दिलेलं उत्तर आहे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ हे सर्व्हरचं उत्तरच नव्हे. यंत्र चालू आहे, पण त्या खिडकीत कुणी बसलेलं नाही, एवढंच ते सांगतं. हा नकार क्षणात येतो, विचारणारा क्षणात पुढच्या सर्व्हरकडे वळतो आणि वापरणाऱ्याला कळतसुद्धा नाही. महाविद्यालयाच्या गोष्टीत हा बारकावा पुढे कामाला येणार आहे.

"सर्व्हफेल कोणी दिलं? शेवटी सर्व्हर लिहिलाय बघ."

"१२७.०.०.५३."

"तो तुझ्याच मशीनमधला निरोप्या. त्याला कोणी सांगितलं ते विचार."

महाविद्यालयाची गोष्ट इथे थोडा वेळ थांबवू या, कारण या निरोप्यानं जगभरच्या लोकांना रात्रीचं जागवलं आहे. डीएनएसचं काम ५३ क्रमांकाच्या पोर्टवर चालतं आणि रिझॉल्व्हड यंत्राच्या आत तेच पोर्ट धरून बसतो. घरी जाहिराती अडवण्यासाठी पाय-होल लावणारे, डीएनएसमास्क वापरणारे किंवा कंटेनरमध्ये डीएनएस सर्व्हर चालवणारे यांना यंत्राचं अख्खं ५३ पोर्ट हवं असतं. अपडेटनंतर ‘पत्ता आधीच वापरात आहे’ अशी तक्रार करून त्यांची सेवा उठत नाही, ती यामुळे. बाइंडची मात्र रिझॉल्व्हडशी सहसा भांडणं होत नाहीत, कारण तो प्रत्येक इंटरफेसचा पत्ता वेगवेगळा धरतो. तरीही बाइंड उठला नाही की पुष्कळ जण सरळ रिझॉल्व्हड बंद करतात. इलाज दुसऱ्याच रोग्यावर होतो, आणि यंत्राला बाहेरची नावं सांगणाराही जातो.

मोठ्या प्रमाणावर असा गोंधळ झाला तो ३० ऑगस्ट २०२२ रोजी. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअरवर उबुंटू १८.०४ चालवणारी असंख्य आभासी यंत्रं सकाळी सहाच्या सुमारास, जागतिक प्रमाणवेळेनुसार, नावं विसरली. भारतात तेव्हा साडेअकरा वाजले होते. वेळही योगायोगाची नव्हती: उबुंटू सुरक्षेचे अपडेट आपोआप बसवतो ते सहा ते सातच्या दरम्यान, आणि क्लाउडवरच्या यंत्रांची घड्याळं सहसा प्रमाणवेळेवर असतात. त्या सकाळी सिस्टमडीचा अपडेट बसला होता. तो ज्या दोषासाठी काढला होता, तो दोष रिझॉल्व्हडमधलाच होता. नावं सांगणाऱ्याचं भोक बुजवायला गेले आणि नावंच बंद पडली.

मजा अशी की नव्या रिझॉल्व्हडमध्ये काही बिघडलं नव्हतं. ॲझ्युअरवरच्या नेटवर्क फाइलीत अट होती: अमुक ड्रायव्हरचं कार्ड असेल तरच ही मांडणी लावावी. कार्डाचा ड्रायव्हर कोणता ही नोंद यूडेव्ह नावाच्या भागाच्या वहीत असते आणि काही यंत्रांवर ती नोंद आधीच कधीतरी गळून पडली होती. कुणाला कळलं नाही, कारण ती वही पुन्हा उघडायची वेळच आली नव्हती. अपडेटनं नेटवर्कची सेवा रिस्टार्ट केली, सेवेनं वही उघडली, ड्रायव्हर सापडेना, अट जुळेना. यंत्राचा आयपी पत्ता जागेवर राहिला, पण डीएनएस सर्व्हरचा पत्ता गेला. पिंग जात होता, नावं मिळत नव्हती. यंत्र पुन्हा सुरू केलं की कार्डाची नोंद नव्यानं होई आणि सगळं ठीक. पण हजारो यंत्रं एकेक करून सुरू करायची म्हणजे दिवस गेला. उबुंटूला त्या सुरक्षा-सूचनेची दुसरी आवृत्ती काढावी लागली, पहिलीनं केलेला बिघाड दुरुस्त करणारी.

सहा महिन्यांनी, ८ मार्च २०२३ रोजी, डेटाडॉग ही निरीक्षणसेवा याच वेळेला, अशाच आपोआप बसलेल्या सिस्टमडीच्या अपडेटनं आडवी झाली. तिथे डीएनएसऐवजी वाटा पुसल्या गेल्या होत्या, एवढाच फरक.

३० ऑगस्ट ही तारीख मराठी माणसाच्या लक्षात असते ती दुसऱ्याच कारणानं. १७७३ साली याच दिवशी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि हुकुमातल्या ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका तिथलीच. निदान तिथे एक अक्षर तरी बदलावं लागलं. स्वीडनमध्ये १२ ऑक्टोबर २००९ च्या रात्री फक्त एक टिंब गळलं.

झोन फाइलीत, म्हणजे एखाद्या डोमेनच्या नोंदींच्या फाइलीत, पूर्ण नावाच्या शेवटी टिंब द्यावं लागतं. ते नसेल तर बाइंड समजतो की नाव अर्धवट आहे, आणि त्या झोनचं नाव आपल्या मनानं पुढे चिकटवतो. स्वीडनच्या ‘डॉट-एसई’ नोंदणीसंस्थेनं नेहमीच्या देखभालीत झोन फाइल तयार करणारी स्क्रिप्ट बदलली होती. नव्या स्क्रिप्टनं शेवटचं टिंब घातलं नाही आणि नावांच्या शेवटी ‘एसई’ दोनदा लागलं. सुमारे नऊ लाख स्वीडिश नावं बंद पडली. चूक तासाभरात सुधारली, तरी देशभरच्या पानवाल्यांनी चुकीचं उत्तर ऐकून ठेवलेलं होतं. इंटरनेट कंपन्यांना आपापली साठवण हातानं पुसावी लागली. मराठीत अनुस्वाराच्या टिंबावरून वाद घालणाऱ्यांना हा दाखला वापरायला हरकत नाही. जाता जाता: २०१४ पासून ‘डॉट-भारत’मध्ये देवनागरी नावं घेता येतात, पण झोन फाइलीत तीही रोमन सांकेतिक रूपातच उतरतात, आणि शेवटचं टिंब त्यांनाही चुकलेलं नाही.

बाइंडबरोबर येणारी नेमड-चेकझोन ही तपासणी व्याकरणातल्या चुका पकडते. अर्थातल्या सगळ्या चुका पकडणं तिच्या आवाक्यात नाही. ‘एसई’ दोनदा लागलेलं नाव तिच्या लेखी नावच आहे.

काही बिघाड अपडेटच्याही नसतात, फक्त अपडेटच्या दिवशी उघडे पडतात. डीएनएसची उत्तरं मूळची ५१२ बाइटांत मावणारी. पुढे ४०९६ पर्यंत मोकळीक मिळाली. २०२० मध्ये डीएनएस चालवणाऱ्यांनी मिळून ही मर्यादा १२३२ वर आणायचं ठरवलं, कारण मोठी पाकिटं वाटेत तुटत आणि हरवत. त्यापेक्षा मोठं उत्तर असेल तर यूडीपी सोडून टीसीपीनं विचारायचं. बाइंडनं ही मर्यादा स्वीकारली आणि अनेक कार्यालयांत काही मोजकी नावं मिळेनाशी झाली. कुठल्या तरी वर्षी कुणी तरी फायरवॉलमध्ये ५३ पोर्ट उघडताना ‘डीएनएस म्हणजे यूडीपी’ असं धरून टीसीपीला मज्जाव करून ठेवला होता. नियम चुकीचाच होता. त्याची परीक्षा आजवर झाली नव्हती.

घड्याळाचा किस्साही याच जातीचा. डीएनएससेक या व्यवस्थेत डीएनएसच्या नोंदींवर सह्या असतात आणि सहीला मुदत असते. घड्याळासाठी बॅटरी नसलेलं रास्पबेरी पायसारखं यंत्र अपडेटनंतर उठतं ते जुन्याच तारखेत. त्या तारखेला आजच्या सह्या अजून लागू झालेल्या नसतात. सर्व्हर सही नाकारतो, सर्व्हफेल. वेळ दुरुस्त करायला वेळेच्या सर्व्हरला विचारावं, तर त्याचंही नावच माहीत, पत्ता नाही. नाव हवं तर वेळ हवी, वेळ हवी तर नाव हवं. सही तपासू नकोस असं सांगून डिग मारलं आणि उत्तर आलं, की गुंता सह्यांचा आहे हे कळतं. मग आधी तारीख बघायची.

आता महाविद्यालयाकडे. निरोप्याला विचारल्यावर कळलं की तो दुसऱ्या क्रमांकाच्या सर्व्हरशी बोलतोय, पहिल्याशी नाही.

"कधीपासून?"

"माहीत नाही, सर."

"पहिल्याला थेट विचार. डिग, पुढे ॲट, पुढे त्याचा आयपी."

"कनेक्शन रिफ्यूज्ड."

खिडकीत कुणी नव्हतं. तरुण प्रशासकानं पहिल्या सर्व्हरवर जाऊन नेमडचा, म्हणजे बाइंडच्या सेवेचा, लॉग उघडला. ओळ क्रमांकासकट लिहिलेलं होतं: ‘डीएनएससेक-इनेबल’ हा पर्याय अनोळखी आहे. तारीख अपडेटच्या रात्रीची.

उबुंटू २०.०४ बरोबर मुळात आलेला बाइंड ९.१६ होता. त्याच्या लेखी हा पर्याय निकालात निघालेला होता. लॉगमध्ये कुरकुर करून तो पुढे जाई. २२.०४ मधला ९.१८ तो ओळखतच नाही, आणि न ओळखणारी एक ओळ दिसली की सबंध सर्व्हर उठायला नकार देतो. हा कर्मठपणा वाटेल. पण सुरक्षेच्या फाइलीचा अर्धाच अर्थ लावून चालू राहणारा सर्व्हर त्याहून घातक, हे बाइंडच्या बाजूनं म्हणायला हवं. अपडेट चालू असताना यंत्रानं विचारलंही होतं: तुमची जुनी फाइल ठेवू की नवी घेऊ? नुसतं एंटर दाबलं की जुनी राहते आणि नवी शेजारी वेगळ्या शेपटानं पडून राहते. रात्री एकला सगळे एंटरच दाबतात. हातातली कॉन्फिगरेशन नेमड-चेककॉन्फनं तपासायला काही सेकंद लागतात, पण तपासणी नव्या बाइंडच्या नेमड-चेककॉन्फनं करावी लागते. जुन्यानं ती ‘ठीक’ म्हणून पास केली असती.

मग सव्वीस दिवस गाडी चालली कशी? दुसऱ्या सर्व्हरवर. तो पहिल्याची प्रत बाळगून होता आणि तिच्यावरून उत्तरं देत होता. पण प्रतीला मुदत असते. झोनच्या पहिल्या नोंदीत एक आकडा असतो: मूळ सर्व्हरशी गाठ पडली नाही तर किती सेकंदांनी प्रत बाद समजायची. महाविद्यालयाच्या फाइलीत होते २४,१९,२०० सेकंद. हे कुणी विचार करून ठरवलेलं नव्हतं. डेबियन आणि उबुंटूच्या बाइंडबरोबर येणाऱ्या नमुना फाइलीत तोच आकडा असतो आणि कुणी तरी ती फाइल कॉपी करून आपली केली होती. भागाकार केला की अठ्ठावीस दिवस येतात. दोघांची शेवटची यशस्वी गाठ अपडेटच्या आधीच्या गुरुवारी पडली होती. चार आठवड्यांनी, गुरुवारी दुपारी, दुसऱ्या सर्व्हरनं प्रत रद्द केली आणि महाविद्यालयाच्या प्रत्येक नावाला सर्व्हफेल म्हणू लागला. बाहेरच्या नावांना ही मुदत लागू नव्हती, म्हणून गूगल उघडत होतं.

प्रशासकानं ती ओळ काढली, नेमड-चेककॉन्फ मारलं, काहीच बोललं नाही म्हणजे ठीक, आणि नेमड सुरू केला. दुसऱ्या सर्व्हरला झोन पुन्हा आणायला सांगितलं. लायब्ररी उघडली. बाहेर अर्जांची रांग हलली असावी, कारण फोनवर मागचा आवाज बदलला.

"दोघांना वेगवेगळं विचारलंस?"

"हो सर. दोन्हीकडे सीरियल सारखा आहे."

"सर्व्हर चालू आहे का ते बघायला काय लावलंयस?"

"पिंग."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग सरांनी विचारलं, दुसऱ्या सर्व्हरचा अपडेट कधी आहे?

"आज रात्रीच ठरलाय, सर."

"उद्या सकाळी दहाला कर," सर म्हणाले. "आणि त्याची कॉन्फिगरेशन मला आत्ता मेल कर. मेल चालू झाली असेल तर."